चौथी पायरी

आमच्या घरात लेखी नियम एकच होता. जिन्याच्या तोंडाशी, दुकानाच्या भिंतीवर, वडिलांनी तो काळ्या रंगाने आपल्या वळणदार अक्षरांत लिहिला होता: ‘जिन्यावर आईशी बोलू नये.’ खाली वडिलांचे केस कापण्याचे दुकान, वर आमच्या दोन खोल्या, आणि वरून थेट दुकानात उतरणारा अकरा पायऱ्यांचा लाकडी जिना. नवे गिऱ्हाईक तो मजकूर वाचून हमखास हसे. बायकोला एवढे घाबरता का, असे कुणी विचारले की वडील कात्री थांबवत आणि आरशातून त्याच्याकडे पाहत म्हणत, “घाबरतो कसला! तिला ऐकू येत नाही. ती डोळ्यांनी ऐकते. जिन्यावर कुणी तोंड उघडलं, की ती पायरी बघायची सोडून त्याच्या तोंडाकडे बघत बसते. मग मला एकदम दोन डोकी सांभाळावी लागतील, तुमचं आणि तिचं.”

आई सात वर्षांची असताना तापात तिचे कान गेले. बोलणे तोवर येत होते, ते राहिले. फक्त आवाजातले चढउतार हळूहळू निघून गेले आणि तो इस्त्री केलेल्या कापडासारखा सपाट झाला. समोरच्याचे ओठ वाचण्यात मात्र तिचा हात धरणारे कुणी नव्हते. आरशातले ओठही ती वाचू शके. आणि इतकी वर्षे संसार करूनही ती वडिलांना हाक मारायची ती ‘ऐकलंत का!’ अशीच. त्यावर वडील म्हणायचे, “ऐकतो बाई, या घरात ऐकायला दुसरं आहेच कोण!”

ती रफूचे काम करी. वर खिडकीपाशी तिचे टेबल होते. कोटाच्या कोपराला पडलेले भोक ती त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून ओढून काढलेल्या दोऱ्यांनी भरी. एक दोरा वर, एक खाली, पुन्हा एक वर. काम संपले की ती कोट गिऱ्हाइकापुढे धरून म्हणायची, “शोधा.” गिऱ्हाईक बोटांनी चाचपडत राही आणि शेवटी हार मानी. तिच्या मजुरीत हा खेळ धरलेलाच असे.

आणि मी. शाळेत माझे नाव पुकारले गेले, की मी ‘हजर’ म्हणेपर्यंत पुढचे नाव आलेले असे. अजूनही अनोळखी माणसाशी बोलताना पहिला शब्द बाहेर पडायला वेळ लागतो. आईशी बोलायला मात्र आवाज लागतच नसे. नुसते ओठ हलवले की पुरे. रस्त्याच्या पलीकडून, बंद खिडकीच्या काचेतून, जेवताना वडिलांच्या पाठीमागून आम्ही बोलत असू. ते वळून पाहत तेव्हा आम्ही दोघेही निमूटपणे जेवत असायचो. “चाललंय तुमचं,” ते म्हणत, “मौनीबुवाचं आणि त्याच्या भक्ताचं! माझ्याविषयी असेल तर निदान मोठ्यांदा तरी बोला.” जगाशी बोलताना जे काही माझ्या घशात अडकून पडे, ते सगळे मी संध्याकाळी तिच्यापुढे आवाजाविना सांडत असे. ती सुईत दोरा ओवता ओवता एक डोळा माझ्या ओठांवर ठेवी.

मी ग्रंथालयात फाटलेल्या पुस्तकांची बांधणी करत असे. त्या वर्षी दूरच्या एका शहरातील मोठ्या ग्रंथालयाने मला जुने कागद दुरुस्त करण्याच्या विभागात बोलावले. असे काम मला पुन्हा कुणी देणार नव्हते. ते पत्र मी आठ दिवस खिशात घेऊन हिंडलो. रोज संध्याकाळी आईसमोर बसायचो, आणि रोज दुसरेच काहीतरी बोलून उठायचो.

नवव्या दिवशी सकाळी ती गडद निळा कोट घेऊन जिना उतरत होती. डाव्या हातावर कोट, उजवा हात कठड्यावर. खाली कोटाचा मालक थांबलेला. वडील दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा चालवत होते. मी कामाला निघालो होतो, जिन्याच्या पायथ्याशी उभा होतो. त्याच क्षणी मला ते सांगावेसे का वाटले, हे पुढे मी स्वतःला अनेकदा विचारले. खरे तर उत्तर मला पहिल्यापासून ठाऊक होते. तिच्या हातात ओझे होते, समोर परका माणूस होता, मला उशीर होत होता. ती काही विचारू शकणार नव्हती. तिचा चेहरा उतरलेला मला फार वेळ पाहावा लागणार नव्हता. मी मान वर करून आवाजाविना म्हणालो, ‘आई, मला नोकरी लागली. दूरच्या शहरात. मी जाणार आहे.’

ती थांबली. ओठ वाचताना तिची डावी भुवई किंचित वर जाई, तशी ती गेली. मग तिने कठड्यावरचा हात उचलला.

ती सातव्या पायरीवरून पडली. डोक्याचा मागचा भाग खालच्या खांबावर आपटला, आणि तो आवाज त्या खोलीत तिच्याखेरीज सर्वांनी ऐकला. निळा कोट तिच्या हातातून शेवटपर्यंत सुटला नव्हता.

*

रुग्णालयात चौथ्या दिवशी तिने डोळे नीट उघडले. वडील तिच्या अंगावर ओणवे झाले आणि एकदम मागे सरले. तिचे डोळे हलत होते. दोन्ही बुबुळे हळूच एका बाजूला सरकत, झटक्याने परत येत, पुन्हा सरकत. जणू ती एखादी ओळ वाचत होती, आणि ओळ संपली की पुन्हा तिच्याच आरंभाशी येत होती. कधी न संपणारी तीच एक ओळ.

“माझ्याकडे बघ,” वडील म्हणाले. “अगं, इकडे. माझ्याकडे.”

ती पाहायचा प्रयत्न करत होती. नंतर ती आपल्या सपाट आवाजात म्हणाली, “हलू नका.”

“मी कुठे हलतोय?”

“सगळे हलताय. भिंतसुद्धा. तुम्हाला तीन तोंडं आहेत आणि तिन्ही एकदम बोलतायत.”

वडील माझ्याकडे वळून म्हणाले, “हिला माझं एकच सोसत नव्हतं.” मग ते तोंड धुऊन येतो म्हणून बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान आणि बोलण्यात नेमक्या होत्या. त्यांनी आईला उजवीकडे, डावीकडे, खाली, वर पाहायला लावले. प्रत्येक दिशेला बोटाने तिची हनुवटी वळवून दाखवावी लागे. “डोळे चांगले आहेत,” त्या म्हणाल्या. “नजरही चांगली आहे. मेंदूच्या मागच्या भागात डोळ्यांना एका जागी धरून ठेवणारी व्यवस्था असते, तिला मार बसलाय. डोळे घसरतात, मेंदू त्यांना ओढून जागेवर आणतो, ते पुन्हा घसरतात. त्यांनी कितीही ठरवलं तरी ते त्यांना थांबवता यायचं नाही.”

“पण थांबेल ना?” वडिलांनी विचारले.

“कमी होईल. गोळ्यांनी थोडं, काळाने थोडं. पूर्ण थांबेल असं मी म्हणणार नाही.” मग निघता निघता त्या म्हणाल्या, “काही पेशंटना अशी एखादी दिशा असते, की डोळे तिकडे वळले की हालचाल मंदावते. सगळ्यांना नसते. पण शोधत राहा. घाई करू नका.”

मी त्यांना काही सांगू पाहत होतो. ती कशी पडली, हे त्यांनी विचारले तेव्हा वडील चटकन म्हणाले होते, “पाय घसरला.” आवाज वापरायची वेळ येते तेव्हा माझ्याकडे तो कधीच नसतो.

*

ती घरी आली आणि आमच्या घरातली भाषा निघून गेली. मोठाल्या अक्षरांत लिहिलेला एखादा शब्द ती महत्प्रयासाने वाचू शके. दुसऱ्या शब्दाला तिला मळमळू लागे. म्हणून आम्ही पाटी आणली आणि तिच्यावर एकेक शब्द लिहू लागलो. औषध. जेव. झोप. वडील तिच्या तळहातावर बोटाने अक्षरे काढत, पण एका वाक्याला इतका वेळ लागे की शेवटाकडे येईतो तिला आरंभ आठवत नसे. दिवसभरात ज्यांनी गावच्या गप्पा हाणल्या असत्या, ते वडील तिच्यापुढे बसून तिच्या हातावर ‘ऊन आहे’ असे लिहीत. आमच्याजवळ आज्ञा तेवढ्या उरल्या होत्या.

पूर्वी वडील खालून एक बटण दाबत आणि वर तिच्या टेबलावरचा दिवा उघडमीट करी. एकदा म्हणजे चहा, दोनदा म्हणजे गिऱ्हाईक. आता एकदा दिवा लागला तरी ती डोळ्यांवर हात घेई. “लावू नका,” ती म्हणे. “तो एक लावलात की खोलीभर पळतो.”

बराचसा वेळ ती डोळे मिटून असे. एकदा मी जवळ बसलो होतो. पापण्यांखाली बुबुळांची येरझार चाललेली दिसत होती. मी आहे हे तिला कसे कळले कोण जाणे, ती म्हणाली, “मिटले की बरं वाटतं. भिंती थांबतात. पण मिटले की मग मी कुठेच नसते रे.” मी तिचा हात धरला. तळहातावर बोट टेकवले. ‘मी’ असे एक अक्षर काढले आणि पुढचे मला लिहिता येईना. तिने थोडी वाट पाहिली, मग मूठ मिटून घेतली, जणू तेवढे एक अक्षर कुठे सांडू नये.

दुसऱ्या महिन्यात तिने हट्टाने एक कोट मागून घेतला. दोरा ती बोटांच्या स्पर्शानेच ओवू शके. विणीतले दोरे मात्र मोजता येईनात. नखाने चाचपत तिने तीन दिवस ते भोक भरले. कोटाचा मालक जुना होता. तिने कोट त्याच्यापुढे धरला आणि म्हणाली, “शोधा.” कोपरावरची ती गाठाळ जागा दारातूनही दिसत होती. त्या भल्या माणसाने बाही उलटसुलट करून पाहिली, बोटे फिरवली, आणि मान हलवली. तो गेल्यावर आईने वडिलांपुढे तळहात पसरला. “सापडलं का त्यांना?” वडिलांनी सावकाश लिहिले: नाही. तिने हात तसाच पसरलेला ठेवला, जणू आणखी काही लिहिले जाणार होते. त्यानंतर तिने कोट मागितला नाही.

मी नव्या ग्रंथालयाला घरातील आजारपणाचे कारण कळवले होते. त्यांनी दोनदा मुदत वाढवून दिली. चौथ्या महिन्यात पत्र आले: पुढील एक तारखेला रुजू व्हावे, यानंतर जागा राखून ठेवता येणार नाही. ते पत्र मी पहिल्या पत्राच्या घडीत ठेवले. पडण्याआधी आईने माझे शब्द पुरते वाचले नसणार आणि घरी कुणालाच काही ठाऊक नाही, अशी माझी समजूत होती. मी जाणार नाही, हेही मी ठरवूनच टाकले होते. एखाद्याला जिन्यावरून पाडून त्याच जिन्याने आपली पेटी खाली आणायची, हे मला जमणारे नव्हते.

*

आठवड्याच्या सुटीचा दिवस होता. दुकान बंद होते. रुग्णालयात जखमेभोवतीचे केस भादरले होते. ते आता वेडेवाकडे वाढले होते. “चार महिने माझ्या बायकोचं डोकं असं दिसतंय,” वडील म्हणाले. “गिऱ्हाइकांनी पाहिलं तर दुकान बंद करावं लागेल.” त्यांनी तिला हात धरून खाली आणले आणि आरशासमोरच्या मोठ्या खुर्चीत बसवले. अंगावर पांढरे कापड टाकले. तिला आरसा नकोसा होता. तिने डोळे मिटून घेतले.

मी टॉवेल घेऊन आलो आणि काही काम नव्हते म्हणून जिन्यावर बसून राहिलो. जिना त्या खुर्चीच्या डावीकडे होता. मी खालून चौथ्या पायरीवर होतो.

माणसाचे डोके धरायला वडिलांना कुणी शिकवायला नको होते. दोन बोटे एका कानशिलावर, अंगठा दुसऱ्यावर. तेवढ्यानेच ते मोठमोठ्या माणसांना गप्प बसवत. मागचे केस कापून झाल्यावर त्यांनी तिच्या हनुवटीवर बोट ठेवून ती किंचित खाली केली. तिला जिन्यावर कुणाची तरी चाहूल लागली असावी, लाकूड कुरकुरले की फरशीतून तिला कळे. तिने डोळे उघडले आणि सवयीने माझ्याकडे वळू पाहिले. वडिलांनी डोके वळू दिले नाही. “हलू नकोस, कात्री कानाजवळ आहे,” ते म्हणाले. आपण कुणाला सांगतो आहोत याचे त्यांना भान नव्हते. तिचा चेहरा आरशाकडेच राहिला. फक्त डोळे वळले, पार डावीकडे आणि वर.

“थांबा,” आई म्हणाली.

कात्री थांबली.

“त्याच्या शर्टाचं दुसरं बटण तुटलंय.”

मी खाली पाहिले. बटण अर्धे तुटलेले होते.

“ऐकलंत का! मला तो दिसतोय. एकच आहे.”

वडिलांनी कात्री खाली ठेवली. हातातून पडली तरी चालले असते, पण त्यांनी ती जागच्या जागी ठेवली, आणि दोन्ही तळहातांनी तिचे डोके दोन्ही बाजूंनी धरले. आरशात मला तिचे डोळे दिसत होते. ती ओळ वाचणे थांबले नव्हते, पण फार मंद झाले होते; थकलेल्या माणसाने ओळीखाली बोट ठेवून वाचावे तसे. मग तिने माझ्याकडे तोंड वळवायचा पुन्हा प्रयत्न केला, आणि डोळे लगेच धावू लागले.

“तोंड वळवू नको,” वडील म्हणाले. त्यांनी तिचा चेहरा पुन्हा आरशाकडे केला. डोळे पुन्हा मंदावले.

म्हणजे ते असे होते. तिचे तोंड माझ्याकडे नसेल, तेव्हाच मी तिला दिसणार होतो.

“अरे बोल की!” वडील ओरडले. “चार महिने वाट बघतोय आम्ही, आणि हा मौनीबुवा बसलाय! बोल काहीतरी. काहीही.”

काहीही बोलता आले असते. कशी आहेस, असे विचारता आले असते. पण इतके दिवस दाराशी दबा धरून बसलेले एकच वाक्य होते, ते दार उघडताच आत आले. आणि वडील तिथे होते म्हणून, आयुष्यात पहिल्यांदा, मी तिच्याशी आवाज काढून बोललो.

“त्या दिवशी मी जिन्यावर तुझ्याशी बोललो. नियम मोडला. तू माझ्यामुळे पडलीस.”

आई म्हणाली, “मधलं गेलं. डोळे सुटले. परत सांग. सावकाश.”

जे एकदाही बोलवत नव्हते, ते मला दुसऱ्यांदा बोलावे लागले. या वेळी एकेक शब्द सुटा करून. वडिलांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हते.

“तुम्हाला ठाऊक होतं?” मी त्यांना विचारले.

“आरशात पाहिलं होतं,” ते म्हणाले. “रोज मीच पुसतो ना तो. तुझे ओठ हलले तेवढं पाहिलं. काय बोललास ते मला वाचता येत नाही. येत असतं तर तुम्ही दोघांनी मला इतकी वर्षं गंडवलं असतं का?”

आईला आमचे हे बोलणे कळले नव्हते. ती चौथ्या पायरीकडे पाहत म्हणाली, “ते माहीत आहे. पुढचं सांग. नोकरीचं.”

“कसली नोकरी?” वडील म्हणाले.

तिनेच सांगितले, आरशाकडे तोंड करून, त्याच सपाट आवाजात, जणू दुसऱ्या कुणाचे पत्र वाचून दाखवत होती. “त्याला नोकरी लागली आहे. दूरच्या शहरात. तो जाणार आहे. मी सगळं वाचलं होतं तेव्हाच. पायरी चुकले नाही मी. मी कठडा सोडला.” तिने कापडाखालून उजवा हात बाहेर काढला आणि तळवा माझ्याकडे करून वर धरला. “असा. तुला थांब म्हणायला.”

वडिलांचे हात तिच्या डोक्यावर होते. त्यांनी ते हलवले नाहीत.

“चार महिने मी विचारलं नाही,” ती म्हणाली. “विचारता आलं असतं, उत्तर हातावर घेता आलं असतं. पण विचारलं असतं तर तू उत्तर दिलं असतंस, आणि मग गेला असतास. तू रोज पाटीवर झोप, जेव असं लिहायचास, आणि मला वाटायचं, चला, आजही राहिला. डोळे हलतायत तेच बरं आहे, असंसुद्धा एकदोनदा मनात आलं माझ्या. आई असं म्हणते का रे कधी?”

वडिलांनी नाक ओढले. मग ते म्हणाले, “मला आधी कुणीतरी सांगा, मी हे डोकं सोडू की धरू? हात भरून आलेत.” आम्ही दोघेही हसलो असे मला आठवते, आई हसली नाही, कारण ते तिच्या पाठीमागे होते.

“कधी जायचंय?” तिने विचारले.

“मी जात नाही,” मी म्हणालो.

“कधी बोलावलंय ते विचारलं मी.”

“एक तारखेला.”

“म्हणजे सहा दिवस.” तिचे डोळे थकून पुन्हा धावू लागले होते. तिने ते मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांनी ती म्हणाली, “माझ्यासाठी राहिलास, तर मला रोज इथून तुला बघावं लागेल. मी धरून ठेवलेला. ते नको मला. जा तू.” आणि थोड्या वेळाने, “शर्ट काढून ठेव. बटण लावून देते. ते न बघता लावता येतं.”

*

त्या सहा दिवसांत आम्ही चार महिन्यांचे बोललो. दुकान उघडण्याआधी आणि बंद झाल्यावर ती खुर्चीत बसे आणि मी चौथ्या पायरीवर. तिसरीवर बसलो तर मी तिला थरथरताना दिसे, पाचवीवर माझे डोके तिच्या नजरेतून कापले जाई. एका वेळी वीस-पंचवीस सेकंद, फार तर अर्धे मिनिट. मग ती डोळे मिटून विसावा घेई आणि पुन्हा उघडी. मी पुन्हा आवाजाविना बोलू लागलो होतो. वडिलांनी खुर्चीच्या डोके टेकायच्या उशीला दोन्ही बाजूंनी कापडाच्या गुंडाळ्या बांधल्या, म्हणजे ते गिऱ्हाइकात असले तरी तिचे डोके वळू नये. आणि एका सकाळी भिंतीवरच्या नियमाखाली काळ्या रंगात एक ओळ वाढलेली दिसली: ‘चौथी पायरी सोडून.’

मी गेल्यावर काय, हा प्रश्न मात्र पायरीने सुटणारा नव्हता. फोनवरचा माझा चेहरा आम्ही तिच्या डावीकडे वर धरून पाहिला. तेवढासा चेहरा, त्यात हलणारा. तिला मळमळू लागले. पत्र ती वाचू शकणार नव्हती. शेवटी असे ठरले की मी पत्रे लिहावीत आणि वडिलांनी पायरीवर बसून ती तिला वाचून दाखवावीत.

“म्हणजे यांचं रोज ऐकावं लागणार,” आई म्हणाली.

“आणि तुमची चोरटी भाषा आता माझ्या ताब्यात,” वडील म्हणाले. “नीट लिही रे. माझ्याविषयी काही असेल तर ते मी गाळीन.”

ते थट्टेत म्हणाले. पण वर जाऊन मी बराच वेळ तिच्या टेबलापाशी उभा राहिलो. माझे शब्द यापुढे तिला वडिलांच्या ओठांवर दिसणार होते. लहानपणापासून जे मी तिच्याखेरीज कुणाला सांगितले नव्हते, ते यापुढे मी लिहिणार नाही, हे मला तिथे उभ्या उभ्याच कळले. तिलाही कळले असावे. शेवटच्या संध्याकाळी तिने मला कितीतरी वेळ बोलायला लावले; आणि डोळे सुटले तरी ‘परत सांग’ न म्हणता नुसती पाहत राहिली.

एक तारखेच्या आदल्या दिवशी सकाळी मी पेटी घेऊन उतरलो आणि ती पायथ्याशी ठेवून पुन्हा चार पायऱ्या वर जाऊन बसलो. आई खुर्चीत होती, तोंड आरशाकडे. वडील तिच्या मागे उभे होते. त्या दिवशी गुंडाळ्या असूनही त्यांनी तिचे डोके हातांत धरले होते.

‘येतो,’ मी म्हणालो. आवाजाविना.

“दिसलं,” ती म्हणाली. तिची डावी भुवई किंचित वर गेली होती. “आता ऊठ. तू उतरताना मी वळणार नाही. वळले की तू हलायला लागशील. मला तू इथे बसलेला असाच हवा आहेस.”

मी उठलो. तिसरी पायरी, दुसरी, पहिली. मी तिच्या नजरेतून खाली उतरत गेलो आणि तिची नजर उतरली नाही. वडिलांनी मानेनेच मला जा अशी खूण केली. त्यांचे हात गुंतलेले होते. पेटी उचलून मी दाराशी गेलो आणि मागे वळून पाहिले. समोरच्या मोठ्या आरशात तिचा पूर्ण चेहरा माझ्याकडे होता. फक्त डोळे डावीकडे वर, रिकाम्या चौथ्या पायरीवर लागलेले होते, जवळजवळ स्थिर. आणि तिचा उजवा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट होता.